दूरस्थ समुपदेशनाचा इतिहास आणि मातेची भाषा

१

प्रसूतीनंतर मनाने खचलेल्या स्त्रीला, किंवा संसाराच्या भाराखाली वाकलेल्या कोणाही प्रौढ व्यक्तीला, समोर न बसता केवळ शब्दांच्या आधारे सावरता येते काय, हा प्रश्न संगणकाच्या पडद्याबरोबरच जन्मास आला, असा समज आज सर्वत्र आढळतो. सन २०२० च्या टाळेबंदीत मानसोपचारकांना व समुपदेशकांना आपल्या खोल्या बंद करून पडद्यापुढे बसावे लागले. त्यामुळे हा समज अधिकच दृढ झाला. प्रस्तुत लेखात तो तपासून पाहावयाचा आहे.

ह्या विषयाचा इतिहास सामान्यतः साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : प्रथम पत्र, मग दूरध्वनी, मग दूरचित्रवाणी, शेवटी संगणक. ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे. प्रत्येक टप्प्यावर उत्तर कोण देतो, ते कोणत्या भाषेत देतो, आणि ते ऐकताना दुसरे कोणी ऐकत असते काय, ह्या तीन गोष्टींनी समुपदेशनाचे यशापयश ठरत गेले आहे. साधन बदलले की ह्या तिन्हींची उत्तरे नव्याने शोधावी लागतात. साधन स्वतः ती देत नाही. म्हणूनच हा विषय केवळ मानसशास्त्राचा नसून भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

२

दूर असलेल्या मातेला शास्त्रीय सल्ला देण्याचा फार मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथील केंद्र सरकारने सन १९१२ मध्ये बालकांसाठी एक स्वतंत्र कार्यालय स्थापन केले व ज्यूलिया लॅथ्रॉप ह्या बाईंना त्याचे प्रमुखपद दिले. गर्भिणीची काळजी ह्या विषयावरील पुस्तिका सन १९१३ मध्ये व शिशुसंगोपनावरील पुस्तिका सन १९१४ मध्ये ह्या कार्यालयाने प्रसिद्ध केली. पुस्तिका घरोघर गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ मातांची पत्रे परत येऊ लागली. पुढे त्यांची संख्या वर्षाकाठी लाखाच्या घरात गेली. मॉली लॅड-टेलर ह्या इतिहासकार विदुषींनी ह्या पत्रांचा संग्रह सन १९८६ मध्ये संपादून प्रसिद्ध केला, त्यामुळे अभ्यासकांना ती आज सहज वाचावयास मिळतात.

ही पत्रे वाचताना एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. सरकारने माहिती पाठविली होती. स्त्रियांनी मात्र उलट टपाली आपली भीती पाठविली. सन १९१६ मध्ये वायोमिंग प्रांतातील एका स्त्रीने पत्र लिहिले. ती वैद्यापासून ६५ मैलांवर राहत होती. पुन्हा दिवस गेले होते, आणि ह्या बाळंतपणात आपण वाचणार नाही असे तिला वाटत होते. अशा पत्राला पुस्तिका हे उत्तर होऊ शकत नाही, हे लॅथ्रॉपबाईंनी ओळखले. त्यांनी स्वतः उत्तर लिहिले, स्थानिक मदतीची खटपट केली, आणि कार्यालयातील मंडळींनी बाळाच्या कपड्यांचे गाठोडेही धाडले. दूरस्थ समुपदेशनाचे एक मूलतत्त्व येथे प्रथमच स्पष्ट दिसते : प्रश्न विचारणारी व्यक्ती वरकरणी माहिती मागत असली, तरी तिला बहुधा साक्षीदार हवा असतो.

ह्याच काळात व्हिएन्नामध्ये फ्रॉइड ह्याने एका पाच वर्षांच्या मुलाच्या भयगंडावर उपचार केले ते मुख्यतः मुलाच्या वडिलांमार्फत. त्या मुलाला फ्रॉइड उपचाराच्या ओघात एकदाच भेटला. उरलेला व्यवहार वडिलांची टिपणे व त्यांवरील सल्ला असाच चालला. हा वृत्तान्त सन १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या पद्धतीत रुग्ण व उपचारक ह्यांचे एका खोलीत असणे पायाभूत मानले गेले, तिच्या आरंभीच दूरस्थ उपचाराचे एक उदाहरण उभे आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ह्या परंपरेचे मानकरी र. धों. कर्वे होत. त्यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झाले व सन १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले. त्यात वाचकांनी पाठविलेल्या लैंगिक व शारीरिक अडचणींना कर्वे छापील उत्तरे देत. ज्या प्रश्नांना घरात, देवळात किंवा दवाखान्यातही जागा नव्हती, त्यांना मासिकाच्या पानावर जागा मिळाली, आणि विचारणाऱ्याचे नाव झाकलेले राहिले. ह्याच उत्तरांवरून सन १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शंकानिरसन हेच ज्या मासिकाचे कार्य, त्याने वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे का देऊ नयेत, हा बचावाचा गाभा होता. न्यायालयाने तो मानला नाही व कर्व्यांना दंड झाला. तथापि ह्या खटल्याने एक मर्म उघड केले. व्यथा मुकी राहण्याचे एक कारण असे की, ती सांगण्याजोगी सभ्य भाषाच समाजाने तयार केलेली नसते. आणि जो ती तयार करू पाहतो, त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

३

पत्रात वेळ जातो. प्रसववेदना असोत की आत्मनाशाचा विचार, टपालाची वाट पाहण्याइतकी सवड संकटाला नसते. दूरध्वनीने ही उणीव भरून काढली. लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक ह्या चर्चचे धर्मोपदेशक चॅड व्हॅरा ह्यांनी २ नोव्हेंबर १९५३ रोजी आत्महत्येच्या उंबरठ्यावरील व्यक्तींसाठी दूरध्वनीसेवा सुरू केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' ह्या नावाने प्रसिद्धी पावली. तिच्यामागील प्रेरणा सन १९३५ मधील होती. प्रथम ऋतुप्राप्ती झाल्यावर आपणास गुप्तरोग जडला असे समजून जीव दिलेल्या एका अल्पवयीन मुलीचा अंत्यविधी तरुण व्हॅरा ह्यांनी केला होता. ती मुलगी रोगाने गेली नाही. आपल्या शरीरात काय घडत आहे ह्याचे नाव तिला कोणी सांगितले नव्हते, म्हणून गेली.

व्हॅरा ह्यांनी कल्पिले होते ते असे की, दूरध्वनीवर वा भेटीत समुपदेशन आपण करावे आणि स्वयंसेवकांनी बाहेर बसलेल्यांना चहा द्यावा, दोन शब्द बोलावेत. थोड्याच महिन्यांत त्यांना आढळले की, बाहेर बसून स्वयंसेवकांशी बोललेली पुष्कळ माणसे तेवढ्यानेच हलकी होत व आत येण्याची त्यांना गरज उरत नसे. तेव्हा फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी दूरध्वनी स्वयंसेवकांच्याच हाती दिला. भारतात ह्याच वळणाची 'स्नेहा' ही संस्था सन १९८६ मध्ये चेन्नई येथे स्थापन झाली.

चित्र आणि आवाज एकत्र आणण्याचे प्रयत्नही आपण समजतो त्याहून जुने आहेत. अमेरिकेतील नेब्रास्का येथे सेसिल विटसन ह्यांनी सन १९५९ मध्ये दुहेरी दूरचित्रवाणीच्या साहाय्याने मानसोपचार केले, आणि सन १९६४ मध्ये ११२ मैलांवरील नॉरफोक येथील मनोरुग्णालयाशी तसा दुवा जोडला. जोसेफ वायझेनबाउम ह्यांनी सन १९६६ मध्ये 'एलिझा' हा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. बोलणाऱ्याचेच शब्द उलटवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच त्याची करामत. तरीही त्याच्याशी संवाद करताना वायझेनबाउम ह्यांच्या सचिव बाईंनी त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, ही हकीकत त्यांनीच पुढे नमूद केली आहे. पुढे सन १९८६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना संगणकाद्वारे लेखी उत्तरे देणारी एक निनावी सेवा सुरू झाली. म्हणजे पडद्यावरील समुपदेशनाची सर्व अंगे विसावे शतक संपण्यापूर्वीच सिद्ध झाली होती.

४

साधने सिद्ध झाली, परंतु मातेच्या व्यथेला नाव मिळावयास मात्र बराच काळ जावा लागला. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से ह्यांनी सन १८५८ मध्ये गर्भिणी, प्रसूत व स्तनदा स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण त्याचा भर तीव्र उन्मादाकडे होता. घरातील सर्व कामे करीत, मुलाला पाजीत, आतून विझत जाणाऱ्या स्त्रीची दखल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतली गेली. लंडनमधील ब्राइस पिट ह्यांचा ह्या सौम्य पण दीर्घ विषादावरील निबंध सन १९६८ मधील. सन १९८७ मध्ये कॉक्स, होल्डन व सागॉव्हस्की ह्यांनी दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली प्रसिद्ध केली. जगभर तिची भाषांतरे झाली आणि आज दूरध्वनीवर किंवा पडद्यावर मातेची पहिली विचारपूस पुष्कळदा तिच्याच आधारे होते. तिचे एक कर्ते जॉन कॉक्स ह्यांनी तत्पूर्वी युगांडात संशोधन केले होते, व तेथील गांडा लोक प्रसूतीनंतरच्या वेडाला 'अमाकिरो' हा जो शब्द वापरीत त्यावर सन १९७९ मध्ये लेख लिहिला होता. प्रमाणित प्रश्नावलीच्या एका जनकाने आधी एका परक्या भाषेतील शब्दाचा अर्थ लावण्याचे श्रम घेतले, हे आपण विसरता कामा नये.

मराठी व कोंकणी मुलखाच्या दृष्टीने गोव्यातील संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात विक्रम पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनी केलेला अभ्यास सन २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी ५९ जणी, म्हणजे २३ टक्के, विषादग्रस्त आढळल्या. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणीच मानसिक त्रास सुरू झालेला होता. आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. दारिद्र्य, बिघडलेले पतिपत्नीसंबंध व नवऱ्याची मारहाण ही कारणे त्यात होती, आणि मुलगी झाली की त्यांचा जाच वाढत होता. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती मिळते, म्हणून हा पाश्चात्त्यांचा विकार आपल्याला शिवत नाही, असे म्हणण्यास ह्या आकड्यांनी जागा ठेवली नाही.

रोग ओळखला तरी तज्ज्ञ कोठून आणावेत ? ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम पाकिस्तानातील रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आले. अतिफ रहमान व सहकाऱ्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांना बोधात्मक वर्तनोपचाराची सोपी रीत शिकविली. ९०३ विषादग्रस्त मातांवर केलेल्या ह्या प्रयोगाचे फलित सन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले : प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या गटात २३ टक्के माता विषादग्रस्त उरल्या, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के. गोव्यात पटेल ह्यांच्या गटाने प्रौढ रुग्णांसाठी हाच मार्ग चोखाळला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ स्त्रीपुरुषांवरील त्यांचा प्रयोग सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांशी सहा ते आठ बैठका झालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत विषादमुक्त झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. पुढे मातांसाठी त्याच गावातील अनुभवी स्त्रिया तयार करण्यात आल्या. त्या प्रयोगाचे फलित सन २०१९ मध्ये आले. ह्या स्त्रियांना पाकिस्तानात 'रझाकार' आणि गोव्यात 'सखी' म्हणत. पदनामातील हा फरक मला सर्वांत बोलका वाटतो. 'रझाकार' ह्या शब्दात स्वेच्छेने केलेल्या सेवेचा अर्थ आहे. 'सखी' ह्या शब्दात समान पातळीवरील नाते आहे.

५

ह्या पार्श्वभूमीवर पडद्यावरील समुपदेशनाचे मूल्यमापन करावयाचे. इंग्लंडमध्ये ओमाहेन व सहकाऱ्यांनी सन २०१३ मध्ये ९१० मातांवरील एका स्वयंचलित कार्यक्रमाचे निष्कर्ष मांडले. ज्यांनी अखेरपर्यंत साथ दिली त्यांना लाभ झाला, परंतु मध्येच सोडून जाणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. सन २०१४ च्या पुढील प्रयोगात त्यांनी त्याच कार्यक्रमाला दूरध्वनीवरून बोलणाऱ्या माणसाची जोड दिली. ऑस्ट्रेलियात मिलग्रोम व सहकाऱ्यांनी ४३ मातांवर केलेल्या छोट्या प्रयोगातही (सन २०१६) दूरध्वनीचा आधार होता. तेथे उपचारान्ती ७९ टक्के माता विषादाच्या निकषाबाहेर गेल्या, तर तुलनेच्या गटात १८ टक्के. यंत्र जिथे एकटे सोडले तिथे माता निघून गेल्या, आवाज जोडला तिथे थांबल्या, असे निदान ह्या उदाहरणांवरून म्हणावयास हरकत नाही.

सर्वांत मोठा पुरावा कॅनडा व अमेरिका येथून सन २०२५ मध्ये आला. डेझी सिंगला व सहकाऱ्यांनी १२३० गर्भिणी व प्रसूत व्यक्तींची चार गटांत विभागणी केली : उपचार समोरासमोर की पडद्यावर, आणि तज्ज्ञाकडून की प्रशिक्षित परिचारिका, सुईण इत्यादींकडून. पडद्यावरील उपचार समोरासमोरच्या उपचारांहून उणे ठरले नाहीत, आणि तज्ज्ञेतर व्यक्ती तज्ज्ञांहून उण्या ठरल्या नाहीत. ह्याच सिंगला ह्यांनी सन २०१४ मध्ये गोव्यातील स्थानिक समुपदेशकांच्या कामाच्या मूल्यमापनावर निबंध लिहिला होता. ज्ञान पश्चिमेकडून आपल्याकडे येते ही समजूत ह्या एका उदाहरणापुरती तरी उलटी करावी लागते.

भारतात २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही राष्ट्रीय दूरध्वनीसेवा सुरू झाली. तीत मराठीतूनही बोलता येते. मार्ग सिद्ध झाला. आता त्यावरून जाणाऱ्या भाषेचा विचार करणे प्राप्त आहे.

६

'समुपदेशन' हा शब्दच प्रथम घेऊ. त्यातील 'उपदेश' वरून खाली येतो. उपदेशक जाणता, श्रोता अजाण. अरबीतून फारसीमार्गे आलेला 'सल्ला' त्या मानाने समपातळीवरचा. 'सम्' ह्या उपसर्गाने 'उपदेशा'तील चढउतार सपाट होईल अशी शब्द घडविणाऱ्यांची अपेक्षा असावी. व्यवहारात तो होतोच असे नाही. उपचारक 'तुम्ही' म्हणतो, स्त्री 'मॅडम' म्हणते, आणि दोघांमधील अंतर तारेच्या लांबीहून वाढते. 'ताई' ह्या एका संबोधनाने ते कधी कमी होते. परंतु वयस्क स्त्रीला कोवळ्या मुलीने 'ताई' म्हटले तर ते तिला रुचेलच असे नाही. समोर बसले असता डोळे, पाण्याचा पेला, किंचित पुढे झुकणे ह्यांनी जे काम होते, ते दूरध्वनीवर ह्या एका शब्दाला करावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. एडिंबरो प्रश्नावलीच्या सहाव्या प्रश्नात एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. गोष्टी आपल्याला डोईजड होऊ लागल्या आहेत, असा त्याचा आशय. मराठीत त्याला 'सगळे अंगावर येते' हा जवळचा प्रयोग आहे. पण बाळंतिणीच्या मराठीत 'अंगावर' ह्या शब्दाचा संसार केवढा आहे, हे पाहावे. मूल अंगावर पिते. रक्तस्राव होतो तेव्हा अंगावर जाते. कामे अंगावर पडतात, माणूस अंगावर येतो. आणि दुखणे अंगावर काढले जाते. ह्यांतील एक प्रयोग वात्सल्याचा, एक देहधर्माचा, एक मारहाणीची सूचना देणारा, आणि शेवटचा सोसण्याचा. 'ते अंगावर येतात हो' हे वाक्य रात्री दबक्या आवाजात उच्चारले गेले, तर ते कामांविषयी आहे की नवऱ्याविषयी, हे ठरविण्यास समोर चेहरा नसतो. 'येतात' ह्या क्रियापदातील आदरार्थी अनेकवचन, आणि नवऱ्याचे नाव न घेता त्याला 'ते' म्हणण्याची आपली रीत, ह्यांकडे ज्याचे लक्ष आहे तोच पुढचा प्रश्न बरोबर विचारील. प्रश्नावलीचे भाषांतर निर्दोष असूनही येथे चूक होऊ शकते, कारण चूक भाषांतराची नसून ऐकण्याची असते.

'अंगावर काढणे' हा प्रयोग तर ह्या सर्व विषयाचे सार आहे. उपचाराविना दुखणे सोसणे ह्या क्रियेला मराठीने स्वतंत्र क्रियापद दिले आहे, आणि त्याच्या स्वरात निंदेपेक्षा कौतुक अधिक असते. अशा भाषेत वाढलेली स्त्री 'मला नैराश्य आले आहे' असे सांगत नाही. ती सांगते की जीव लागत नाही, जीव घाबरा होतो, उठणे जिवावर येते. 'मन' हा शब्द शास्त्राने उचलला. बाई मात्र 'जीव' म्हणते.

तिसरी गोष्ट मौनाची. समोरासमोरच्या भेटीत मौन दिसते : डोळे भरून आलेले, पदराशी चाळा चाललेला. दूरध्वनीवर तेच मौन तार तुटल्यासारखे वाटते, आणि ऐकणारा घाईने 'हॅलो, हॅलो' म्हणून ते मोडतो. येथे आपल्या परंपरेतील हुंकार उपयोगी पडतो. गोष्ट सांगणाऱ्याला लहान मूल जसे 'हं' देत राहते, तसा समुपदेशकाचा 'हं', 'बरं', 'मग ?' हा बोलणारीला आपण एकटे नाही असे कळवितो. स्टिव्हर्स व सहकाऱ्यांनी सन २००९ मध्ये दहा भाषांतील प्रश्नोत्तरे तपासून दाखविले की, एकाचे बोलणे संपणे व दुसऱ्याचे सुरू होणे ह्यांतील अंतर सर्वत्र अत्यल्प, सरासरीने सेकंदाच्या पावभागाच्या आसपास असते. पडद्यावर आवाज पोहोचण्यास तेवढाच विलंब झाला तरी बोलण्याची लय बिघडते, आणि साधी अडखळ नापसंतीसारखी भासते. त्या दहा भाषांत मराठी नव्हती.

चौथी गोष्ट भिंतींची. दवाखान्यातील खोलीला दार असते. घरी बोलणाऱ्या सुनेच्या खोलीला पुष्कळदा फक्त पडदा असतो. पलीकडे सासू असते, कधी नवरा. म्हणून जाणते समुपदेशक आरंभीच विचारतात की, आता बोलता येईल ना, आणि 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर पुरेल असे प्रश्न योजतात. बाजूचे कोणी आले तर विषय कोणत्या शब्दाने बदलावयाचा, हेही अगोदर ठरवून घेतात. जात्यावर बसलेल्या बायकांची ओवी घरच्यांच्या कानांवर पडतच असे, तरीही तिच्यात सासरचा जाच सांगता येत असे, कारण ती गाणे होती. दूरध्वनीवरील बोलण्याला असा आडपडदा नाही.

७

ह्या पद्धतीवर येणारे आक्षेप खरे आहेत. जिच्या हाती स्वतःचा दूरध्वनी नाही ती ह्या व्यवस्थेच्या बाहेरच राहते. तीव्र उन्माद झालेली माता, किंवा जिच्याकडून स्वतःला वा बाळाला धोका संभवतो अशी माता, पडद्यावर सांभाळता येत नाही; तिला रुग्णालयच पाहिजे, आणि दूरस्थ समुपदेशकाला तिच्या गावचे रुग्णालय व तिच्या विश्वासाचे एक माणूस आधीपासून ठाऊक असले पाहिजे. वायोमिंगच्या त्या स्त्रीसाठी लॅथ्रॉपबाईंनी स्थानिक मदत शोधली, ती ह्याच कारणाने. मारहाण होणाऱ्या स्त्रीचे दुःख केवळ बोलण्याने संपत नाही, हेही तितकेच खरे.

हे सर्व मान्य करूनही इतिहासाचा कौल एका दिशेला जातो. पत्र, दूरध्वनी, पडदा ह्यांपैकी कोणत्याही साधनाने समुपदेशन अशक्य झाले नाही आणि कोणत्याही साधनाने ते आपोआप घडलेही नाही. लॅथ्रॉप, कर्वे, व्हॅरा ह्यांनी आणि म्हापशाच्या आसपासच्या सखींनी केले ते एकच : बोलणारीच्या शब्दांना तिच्याच भाषेत प्रतिशब्द दिला. ज्या दिवशी म्हापशाची किंवा मिरजेची एखादी बाई 'मी अंगावरच काढते आहे' असे म्हणेल, त्या दिवशी पलीकडच्या कानाला तो वाक्प्रचार नुसता वाक्प्रचार वाटू नये. त्यासाठी बाळंतिणींच्या बोलीतील दुःखवाचक शब्दांचा, जिल्ह्याजिल्ह्यांतील भेदांसह, आणि त्यांच्या संमतीने, संग्रह झाला पाहिजे. मराठी संभाषणातील विराम व हुंकार ह्यांचे मापन झाले पाहिजे. हे काम वैद्यकाच्या विभागाकडून होणार नाही. ते भाषेच्या विभागाचे आहे, आणि अद्याप कोणी हाती न घेतल्याने ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची वाट पाहत आहे.